वडिलांचे हात

संग्रहालय नेमकं आहे तरी कुठे, हे चष्मेवाल्या काकांना पहिले पंधरा दिवस उमगलंच नाही. फोनवरच्या बाईंना त्यांनी तीनदा पत्ता विचारला. तिसऱ्यांदा बाई हसल्या.

"काका, आम्हाला इमारतच नाही. सगळं संगणकावर. एक छोटंसं ऑफिस आहे, पण चित्रं बघायला तिथे यावं लागत नाही. घरबसल्या बघायची."

"म्हणजे कुठेच नाही आणि सगळीकडे आहे. देवासारखं."

"देवापेक्षा बरं. आम्ही फोन उचलतो."

काका हसले. लेक गेल्याला दहा महिने झाले होते, आणि त्या दहा महिन्यांत ते बहुधा पहिल्यांदाच हसले असतील. हसले आणि लगेच चोरी पकडल्यासारखे गप्प झाले.

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ. दुकानात यायची ती चक्राजवळ लुडबुडायची. काचेची कड घासायचं ते चाक फिरायला लागलं की हीही स्वतःभोवती गिरक्या घ्यायची, आणि गिऱ्हाईक एका डोळ्यावर हात ठेवून अक्षरं वाचत असताना मागून हळूच चुकीची अक्षरं सांगायची. आई लहानपणीच गेलेली. काकांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, मिळून तिला वाढवलं. पोरगी हुशार होती. डोळे तपासायचं शिक्षण घ्यायला लागली तेव्हा काकांनी दुकानाच्या पाटीवर तिच्या नावापुरती जागासुद्धा सोडून ठेवली.

आणि दुसऱ्या वर्षी तिने ते शिक्षण सोडलं. चित्रं काढायची म्हणाली. तीही कागदावर नाहीत. पाटीसारखं एक यंत्र, त्यावर टेकवायचं एक पेन, आणि चित्र उमटायचं समोरच्या पडद्यावर.

"हाताला रंग लागत नाही, बोट काळं होत नाही, ही कसली चित्रं?" काका म्हणाले होते. "वीज गेली की तुझी कलाही गेली!"

"बाबा, वीज गेली की तुमचं चाकही बंद पडतं," ती म्हणाली.

त्यावर काकांनी पाठ फिरवली. भांडण झालं की पाठ फिरवून काहीतरी कामाला लागायचं, ही त्यांची जुनी सवय. बोलायला गेलं की त्यांचा तोल सुटायचा, म्हणून ते बोलतच नसत. त्याला ते स्वतः शहाणपण समजत.

ती घर सोडून गेली ती त्या लंबूबरोबर. त्याचं खरं नाव काकांना माहीत होतं, पण त्यांनी ते तोंडात कधी घेतलं नाही. सहा फुटांच्या वर उंची, केसांना कंगव्याची ओळख नाही, आणि मुलांना संगणकावर चित्रं काढायला शिकवायचा. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायची. दोन वर्षं तिचं येणंजाणं सणावाराच्या पाहुणीसारखं होतं. मग एकदा ताप अंगात घेऊनच आली. चार दिवस झाले, ताप उतरेना. रक्त तपासलं, आणि रक्ताचाच कर्करोग निघाला. पुढचे सात आठवडे दवाखान्यात गेले. आठव्या आठवड्याचा पहिला दिवस तिने पाहिला नाही.

काकांच्या घरातल्या तिच्या जुन्या खोलीत तिने येताना आणलेला लॅपटॉप राहिला होता. उघडायचा धीर काकांना आठ महिने झाला नाही. शेवटी एका गिऱ्हाइकाने उघडून दिला आणि आत चित्रांनी भरलेला एक कप्पा निघाला. काकांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि दुपारभर बघत बसले. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघणारा माणूस, पण असं एकटक त्यांनी कधी काही बघितलं नव्हतं. पुलाखाली साचलेलं पाणी, आणि त्यात उलटं पडलेलं सगळं शहर. बसच्या खिडकीत झोपलेली बाई, जिच्या स्वप्नातले पक्षी बसच्या टपावर बसलेत. आणि एक चित्र होतं नुसत्या हातांचं. म्हाताऱ्या माणसाचे दोन हात, टेबलावर वाकलेला दिवा, बोटांत बारीक चिमटा, आणि ज्यावर काम चाललंय ती वस्तू दिव्याच्या उजेडात पार विरघळून गेलेली. त्या हातांवरची एकेक शीर कोणीतरी मायेने काढली होती.

काका ते चित्र बघून ओक्साबोक्शी रडले. पोरीने आपल्याला बघितलं होतं तर. आपण पाठ फिरवून कामाला लागायचो, तेव्हा ती मागे उभी राहून आपले हात बघत होती.

त्याच गिऱ्हाइकाने या संग्रहालयाचं नाव सांगितलं. फक्त संगणकावरच्या कलेचं संग्रहालय, नव्या कलावंतांना स्वतंत्र दालन देतात म्हणे. काकांनी बावीस चित्रं पाठवली. बाईंनी चौदा निवडली. बाई कामाला चोख होत्या. नुसती तयार चित्रं चालणार नाहीत, मूळ फाइलीही हव्यात म्हणाल्या. "चित्र दाखवणं सोपं असतं काका, टिकवणं अवघड. उद्या यंत्रं बदलली की मूळ फाइलच कामाला येते." काकांनी त्याही पाठवल्या.

चित्रांना नावं नव्हती, नुसते आकडे होते. नावं काकांनीच दिली. हातांच्या चित्राला त्यांनी नाव दिलं, 'वडिलांचे हात'. त्याखाली पाटीवर लिहायला दिलं: 'चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या वडिलांना पाहून काढलेलं चित्र.'

दालन उघडलं त्या दिवशी ताई येऊन बसली होती. पडद्यावर एक दार उघडलं आणि त्यावर भिंगरीचं पूर्ण नाव. बोटाने पुढे सरकवलं की आपण चालत आत गेल्यासारखं वाटे. पांढऱ्या भिंती, एकेक चित्र, जवळ गेलं की मोठं होणारं. ताईने चष्मा पुसून पुसून बघितलं आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला.

मग लोक यायला लागले. कुठकुठले लोक, पडद्यावरच्याच अभिप्रायाच्या वहीत लिहून जात. सगळ्यांत जास्त लिहिलं जाई ते हातांच्या चित्राखाली. एका नर्सने लिहिलं, 'माझे वडील सुतार होते. आज खूप दिवसांनी त्यांना फोन केला.' काका रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती वही वाचत. गिऱ्हाइकांना दाखवत. "माझ्या लेकीचं दालन आहे," म्हणत. ती जिवंत असताना तिच्या चित्रांबद्दल असं एक वाक्यही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

तीन महिने असे गेले. मग एका सोमवारी बाईंचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, एक पत्र आलंय. मी वाचून दाखवते. रागावू नका."

पत्र लंबूचं होतं. चारच ओळी होत्या. बरीचशी चित्रं आम्ही दोघांनी मिळून केली आहेत. माझं नाव लावलं नाही तरी चालेल. पण हातांच्या चित्राखाली जे लिहिलंय ते काढा. ते तिच्या वडिलांचे हात नाहीत. माझ्या वडिलांचे आहेत.

काकांचं टाळकंच फिरलं. "जिवंतपणी पोरगी नेली, आता मेल्यावर चित्रं न्यायला आलाय! खोटं बोलतोय तो. तुम्ही त्याला उत्तरसुद्धा देऊ नका!"

"मी मूळ फाइली उघडून बघितल्यात काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही एकदा ऑफिसला या. त्यालाही बोलावते. समोरासमोर बघू."

संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं. ताई भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"जा," ती म्हणाली. "आणि जातोयस तर खरं बोलून ये."

"मी काय खोटं बोललो?"

ताईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "दवाखान्यात मीही होते. तेव्हा मी तोंड उघडलं नाही, ते माझं मला भोवतंय. तुझं तू बघ."

ऑफिस एका शिवणयंत्रांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या. भिंतीला लागून जुनेपुराणे संगणक ओळीने मांडलेले, एखादा तर लोखंडी पेटीएवढा बोजड. बाई पन्नाशीच्या, केस आखूड, गळ्यात चष्म्याची दोरी. काकांनी सवयीने आधी त्यांच्या चष्म्याची दांडी वाकडी आहे ते पाहिलं.

"ही म्हातारी यंत्रं कशाला ठेवलीत?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"काही चित्रं फक्त यांच्यावरच दिसतात. यंत्र गेलं की चित्र गेलं. म्हणून त्यांचं दुखणंखुपणं काढत बसतो आम्ही."

लंबू खिडकीशी उभा होता. काकांना तो आधी ओळखूच आला नाही. केस बारीक कापलेले, खांदे पडलेले. त्याने मान लववली. काकांनी लववली नाही.

बाईंनी मोठ्या पडद्यावर पुलाचं चित्र उघडलं. "काका, संगणकावरचं चित्र थराथरांचं असतं. एकावर एक काचा ठेवल्यासारखं. प्रत्येक काचेवर थोडं थोडं काढलेलं. आणि काढणारा प्रत्येक थराला नाव देतो. हे बघा."

बाजूला थरांची यादी दिसली. काही थरांना नुसत्या तारखा होत्या, शिस्तीत. आणि काहींना नावं होती: 'आई गं', 'हे नको', 'हे नको म्हटलं ना', 'बरं राहू दे', 'लंबू हात लावशील तर बघ'.

हा तर तिचा आवाज होता. चौदा महिन्यांनी त्यांनी तिचा आवाज ऐकला.

"तारखांचे थर माझे," लंबू म्हणाला. "बाकीचे तिचे. एक यंत्र होतं आमच्यात. ती उठली की मी बसायचो."

बाईंनी एकेक चित्र उघडलं. चार चित्रं तिची एकटीची होती. नऊ चित्रांत दोघांचे थर असे एकात एक गुंतलेले, की हा धागा कोणाचा आणि तो कोणाचा, सांगता येऊ नये. शेवटी हातांचं चित्र उघडलं. त्यात फक्त तारखा होत्या.

"उजेडाचा थर काढते," बाई म्हणाल्या. त्यांनी एक खूण दाबली. दिव्याचा तो झगमगाट नाहीसा झाला आणि बोटांखालची वस्तू दिसली. घड्याळ होतं. पाठ उघडलेलं, आत दातेरी चाकं.

काका पडद्याजवळ गेले आणि चिमट्याकडे बघत राहिले.

"हा घड्याळजीचा चिमटा आहे," ते म्हणाले. "टोक बघा किती निमुळतं. मी असला वापरत नाही. आमचा बोथट असतो, काचेला ओरखडा पडू नये म्हणून." ते थांबले. "आणि माझ्या अंगठ्याचं नख चाकाने अर्धं खाल्लंय. याचं शाबूत आहे. पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं मला."

"दिसलं नसेल, काका," बाई म्हणाल्या.

"दिसलं होतं," काका म्हणाले. "पोरीने प्रेमाने चांगलं नख काढलं असेल, असं मी समजलो."

बाई चहा आणते म्हणून आतल्या खोलीत गेल्या. दोघंच राहिले. बराच वेळ खालून शिवणयंत्र चालवून बघितल्याचा आवाज येत होता. मग काकांनी विचारलं. विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं.

"माझं एखादं काढलं होतं का रे तिने?"

हो म्हणून टाकणं त्याला सोपं होतं.

"काढायला घेतलं होतं. तीन-चारदा. मग पुसून टाकायची. चेहराच येईना तिला. म्हणायची, बाबांना डोळ्यांसमोर आणायला गेलं की पाठच दिसते."

काका खुर्चीवर बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर घेतले.

"मलाही एक विचारायचंय," लंबू म्हणाला. "तुम्ही फोनवर म्हणालात, तिला तुझ्याशी बोलायचं नाही. मी दुकानात आलो, तेव्हाही म्हणालात, तिला तुझं तोंड बघायचं नाही. मी परत गेलो. आजार एवढा आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, चिडलीय, निवळेल. मग ती गेल्यावर दोन दिवसांनी तुमचा निरोप आला." त्याने खाली बघितलं. "मी तिचं काय केलं होतं, एवढंच मला कळत नाही. रोज आठवून बघतो. ती खरंच तसं म्हणाली होती का?"

ताईशिवाय हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ताई कधी बोलली नसती. काकांनी नुसती मान हलवली असती, तर ते सगळं तिथेच पुरलं गेलं असतं. पण त्या पोराने आत्ताच त्यांना खरं सांगितलं होतं, तेही लागेल असं.

"नाही," काका म्हणाले. "तिने तुला बोलावलं होतं."

लंबूने मान वर केली.

"दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा. मग रोजच. तिचा फोन माझ्या खिशात होता. बिघडलाय म्हणून सांगितलं. तुला कळवलंय, येईल, असं म्हणालो. तुझ्यामुळेच तिची आबाळ झाली, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. बरी झाली की बघू, असं म्हणत दिवस ढकलले. ती बरी होणार नाही हे मला मानायचंच नव्हतं." काकांचा आवाज चिरकला, पण ते थांबले नाहीत. "एके दिवशी ताईकडून केस विंचरून घेतले. दाराकडे तोंड करून बसली. संध्याकाळपर्यंत बसली."

"मग?"

"मग म्हणाली, राहू दे. त्याला दवाखान्याच्या वासाची भीती वाटते."

लंबूच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. "वाटते," तो म्हणाला. "म्हणजे वाटायची. मी आलो असतो हो काका. मी नाक बांधून आलो असतो."

बाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. त्या तशाच मागे फिरल्या.

काकांनी हात जोडले. लंबूने ते जोडलेले हात बघितले आणि नजर वळवली. "आत्ता नको," तो म्हणाला. "मला जमणार नाही. कदाचित कधीच जमणार नाही." त्याने पिशवी उचलली आणि तो जिना उतरून गेला. दुसऱ्या मजल्यावरून काकांना तो रस्त्यावर दिसला. विजेच्या खांबाला टेकून, डोकं खाली घालून, एवढा उंच माणूस लहान पोरासारखा रडत होता. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

त्या आठवड्यात दालनाच्या दारावर भिंगरीच्या नावाशेजारी लंबूचंही नाव लागलं. काकांनी 'त्याचंही लावा' एवढंच सांगितलं, नाव बाईंनी लिहिलं. हातांच्या चित्राखालची जुनी ओळ गेली आणि नवी आली: 'घड्याळजीचे हात. त्यांच्या मुलाने काढलेलं चित्र.' चूक दुरुस्त केल्याची एक टीपही काकांच्या आग्रहावरून लावली. अभिप्रायाच्या वहीत एकदोघांनी नाराजी लिहिली, बापाने लेकीच्या नावावर खपवलं म्हणून. बाई ते पुसणार होत्या. काका म्हणाले, राहू द्या.

लॅपटॉप त्यांनी बाईंच्या हाती लंबूला पाठवून दिला. पाठवण्याआधी त्या थरांची नावं मात्र एका वहीत उतरवून घेतली, सगळी, 'हे नको म्हटलं ना' सकट.

महिन्याभराने बाईंचा फोन आला. लंबूने एक प्रश्न विचारलाय, म्हणाल्या. एकच. तिची खाट खिडकीजवळ होती का?

काकांनी फोनवर उत्तर दिलं नाही. लिहून पाठवतो म्हणाले. आठवडाभर दुकान अर्धा दिवसच उघडं ठेवून ते लिहीत बसले. खाट खिडकीजवळ होती. बाहेर एक पाण्याची टाकी आणि तिच्यावर कबुतरं. पहिल्या आठवड्यात ती काय खायची, चौथ्या आठवड्यात काय खाईनाशी झाली. कुठल्या नर्सशी तिचं जमायचं, कुठलीला तिने मांजर नाव ठेवलं होतं. सलाईन लावलेल्या हाताने तिने चादरीवर बोट फिरवून काय काय काढलं होतं. शेवटच्या पहाटे श्वास कसा लागला आणि ताईने तिला कसं धरलं. स्वतःचं खोटंही त्यांनी दिवसावार लिहिलं, कुठेही मऊ न करता. ते सात आठवडे त्या पोराचे होते. आपण ते दाबून ठेवले होते, आणि आता परत द्यायला कागदावरच तेवढे उरले होते.

सव्वीस पानं झाली. बाईंनी ती पोचवली. "घेतली का त्याने?" काकांनी विचारलं.

"घेतली."

"काही म्हणाला?"

"नाही काका."

उत्तर आलं नाही. येईल असं त्यांनी धरलंही नव्हतं. पुढच्या मंगळवारी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला नवा स्क्रू लावताना त्यांना आठवलं, की सहाव्या आठवड्यात भिंगरीने एकदा झोपेत कुणाला तरी हाक मारली होती, आणि ती 'बाबा' अशी नव्हती. त्यांनी गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं, ती हाक कागदावर लिहिली, कागदाची घडी करून पाकिटात घातली आणि पाकिटावर त्या पोराचं नाव पहिल्यांदाच, पुरतं लिहिलं.